पेटीवाली मावशी पियानोच्या क्लासला

भाचीला पियानो शिकायचा होता. शाळेच्या गॅदरिंगमध्ये वरच्या वर्गातल्या एका मुलाने वाजवलेला तिने ऐकला आणि घरी येऊन जाहीर करून टाकलं. बहीण आणि मी एकाच सोसायटीत राहतो, ठाण्यात घोडबंदर रोडला. बहिणीची ड्यूटी शिफ्टची, त्यामुळे पोहणं, चित्रकला, जे काय लागेल त्याला ने-आण करायचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे. शिवाय मी पेटी वाजवते. लहानपणी नौपाड्यात शिकले, पुढे नोकरी सांभाळून भजनी मंडळात साथ करत आले. "पांढऱ्या-काळ्या पट्ट्या तर त्याच, तूच बघ कुठला क्लास चांगला ते," असं म्हणून बहीण मोकळी झाली.

पहिल्यांदा गेलो तो क्लास एका गजबजलेल्या रस्त्यावर दुकानांच्या वरच्या मजल्यावर होता. बाहेर फलकावर प्रत्येक विद्यार्थ्याला 'पर्सनलाइज्ड' शिक्षण असं मोठ्या अक्षरात. आत सहा कीबोर्ड, सहा मुलं, सहा हेडफोन, आणि सगळ्यांसमोर एकाच पुस्तकाचं एकच पान. सर दर दोन मिनिटांनी एकेकाचा हेडफोन उचलून कानाला लावत आणि पुढे सरकत. फक्त ऐकत होते, मुलांच्या हाताकडे बघत नव्हते. एका मुलाचं मनगट पट्ट्यांच्या खाली लोंबत होतं, ते तसंच राहिलं. फलकावरच्या त्या शब्दाचा अर्थ मी विचारला, तर पुस्तकाच्या कव्हरवर मुलाचं नाव छापून देतात असं कळलं. सहा महिन्यांत ग्रेड वन, म्हणजे पियानोची पहिली परीक्षा, हेही सांगितलं. गाणं-बजावणं समूहात शिकवू नये असं माझं मुळीच म्हणणं नाही, मी स्वतः पंधरा जणींच्या वर्गात अलंकार घोकले आहेत. पण पेटीच्या वर्गात आमच्या बाई एकीची करंगळी उचललेली दिसली की दुसऱ्या टोकाहून ओरडायच्या. बघणारं कुणीतरी लागतं.

आत्ताच्या टीचर आम्हाला मंडळाच्या तबलजींमुळे मिळाल्या. जुन्या ठाण्यात, तलावपाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर त्यांचं घर. त्या ईस्ट इंडियन, म्हणजे घरात बोली मराठी आणि रविवारी चर्चला. मासुंदा तलावाजवळचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च ठाण्यातल्या सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच्या आसपासच्या घरांमधून स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेलं पाश्चात्त्य संगीत, वाचणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत हे माझ्या गावीही नव्हतं. चर्चचा क्वायर, लग्नातला बँड, घरातलं एखादं व्हायोलिन, अशी ती परंपरा. आम्ही नौपाड्यात नाट्यसंगीत ऐकत वाढलो आणि दहा मिनिटांच्या अंतरावर हे सगळं चालू होतं.

पहिल्या दिवशी टीचरनी भाचीला पियानोला हातच लावू दिला नाही. आधी टाळ्या वाजवायला लावल्या, चालत चालत. मग त्या एक सूर गुणगुणल्या आणि "हा म्हण बघू," म्हणाल्या. मग तिचे दोन्ही हात आपल्या तळव्यांवर घेऊन एकेक बोट हलकेच दाबून पाहिलं. पहिलं पेर आत मोडतं का, ते बघत होत्या. मोडत होतं, विशेषतः अनामिका. नंतर स्टूलवर बसवलं, खाली दोन उशा सरकवल्या, पाय लोंबकळायला लागले म्हणून पायांखाली एक छोटा पाट दिला. कोपर पट्ट्यांच्या बरोबरीने यायला हवं आणि पाय टेकलेले हवेत. पाय अधांतरी असले की मूल तोल सांभाळायला खांदे आवळतं आणि तो ताण बोटांत उतरतो. अर्ध्या तासात वाजवणं शून्य. बाहेर पडताना भाचीचा चेहरा बघण्यासारखा होता.

मी कोपऱ्यात बसले होते. टीचरनी विचारलं, "ताई, तुम्ही काय वाजवता? मघापासून गुडघ्यावर बोटं चाललीत." पेटी म्हटल्यावर म्हणाल्या, "या, वाजवा." त्यांच्या जुन्या अपराइट, म्हणजे उभ्या, पियानोवर मी तीनतालातला एक लेहरा, तबल्यामागे फिरत राहणारी धून, धरला. दोन आवर्तनं झाली असतील, त्या हसायलाच लागल्या. माझा डावा खांदा भाता मारत होता. हात मांडीवर, पण खांदा पुढे-मागे, पुढे-मागे.

तिथल्या तिथे त्यांनी दोन वेगळे वार दिले. भाचीला अर्धा तास, मला पाऊण तास. दोघींना एकत्र शिकवणार नाही, एकीच्या क्लासला दुसरीने आत बसायचं नाही आणि घरी मी भाचीला शिकवायचं नाही, अशा तीन अटी. तिसरी अट त्यांनी माझ्याकडे बघून दोनदा सांगितली.

वाद्य घ्यायचं म्हणजे काय घ्यायचं, हा पुढचा प्रश्न. नातेवाइकांकडे पडलेला 61 पट्ट्यांचा कीबोर्ड मिळत होता. टीचर म्हणाल्या, भाचीला दोन-तीन महिने चालेल, मला एक दिवससुद्धा चालणार नाही. कारण मजेशीर होतं. पेटीची पट्टी हलकी असते, दाबली की झडप उघडते आणि हवा गेली की सूर वाजतो. साध्या कीबोर्डचीही पट्टी तशीच हलकी, स्प्रिंगवर. म्हणजे त्यावर माझा हात पेटीचाच राहिला असता. पियानोच्या पट्टीला वजन असतं, कारण तिच्या पलीकडच्या टोकाला तरफांची एक अख्खी साखळी आणि शेवटी नमद्याची हातोडी असते. डिजिटल पियानोत ते वजन मुद्दाम तयार करतात, डावीकडच्या खर्जाच्या पट्ट्या जड, उजवीकडे हलक्या होत जाणाऱ्या. दुकानात यामाहा, कसिओ, रोलँड तिन्ही वाजवून पाहिले. 88 पट्ट्या आणि हातोडीची यंत्रणा असलेले सुरुवातीचे मॉडेल 40–50 हजारांच्या घरात जातात. बहिणीने आणि मी निम्मे निम्मे घातले आणि पियानो माझ्या घरी आला, कारण माझ्याकडे भिंत रिकामी होती.

हेडफोन लावला की शेजाऱ्यांना त्रास नाही, असं सगळे सांगतात. अर्धंच खरं आहे. आवाज हेडफोनमध्ये राहतो, पण पट्टी तळाला आपटते त्याची धपधप स्टँडमधून फरशीत उतरते. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तिसऱ्याच रात्री विचारलं, "तुमच्याकडे रात्री कुटायला काय घेतलंय?" स्टँडच्या पायांखाली जाड रबरी मॅट घातली, रात्री साडेनऊनंतर वाजवणं बंद केलं, तेव्हा मिटलं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी मॅटचे पैसे पहिल्या खर्चातच धरावेत.

आता माझ्या क्लासबद्दल. मला वाटतं, एकास एक शिकवणीचा अर्थ मला इथे कळला. टीचरनी मला नवशिकी म्हणून पहिल्या पानापासून सुरू केलं नाही आणि "तुम्हाला येतंच की," म्हणून पुढेही ढकललं नाही. त्यांनी माझ्या हाताची जणू झडती घेतली. यातलं काय ठेवायचं, काय काढायचं, काय नव्याने घालायचं.

काढायचं होतं ते म्हणजे धरून ठेवणं. पेटीवर पट्टी दाबून धरली की सूर चालू राहतो आणि त्याचा लहान-मोठेपणा भात्याच्या हातात असतो. बोटांना त्याची जबाबदारीच नसते. पियानोत उलटं. पट्टी किती वेगाने खाली जाते, तेवढ्यावर आवाज ठरतो. हातोडी तारेवर आदळून लगेच मागे येते, त्यानंतर तुम्ही पट्टीवर कितीही जोर द्या, तारेला त्याचा पत्ताच नसतो. पट्टी धरल्याने फक्त डँपर, म्हणजे तारेला गप्प करणारा नमद्याचा तुकडा, तारेवरून उचललेला राहतो आणि सूर आपला आपण विरत जातो. मी प्रत्येक सूर तळाशी दाबून त्याला सुकाणूसारखं वळवायला बघत होते. मनगट दुखायला लागलं तेव्हा टीचरनी आठवडाभर एकच काम दिलं: एक पट्टी वाजवायची, आवाज झाला त्याच क्षणी हात सैल सोडायचा, बोट पट्टीवर नुसतं टेकलेलं, आणि तो सूर पूर्ण विझेपर्यंत ऐकायचा. खर्जातला सूर विझायला किती वेळ घेतो! वरच्या टोकाचा टिचकी मारल्यासारखा संपतो. वरच्या टोकाला तर डँपरच नसतात, तिथल्या तारा इतक्या आखूड की थांबवायची गरजच पडत नाही, हे टीचरनी पियानोचं झाकण उघडून दाखवलं.

नव्याने घालायचा होता डावा हात. इतकी वर्षं त्याने भाता मारण्यापलीकडे काही केलेलं नाही. उजव्या हाताने मी कुठल्याही पट्टीत अलंकार फिरवीन, डाव्याने सा-रे-ग-म म्हणजे बालवाडी. बहुतेक पुस्तकं दोन्ही हातांची सप्तकं एकाच दिशेने वर चढवायला लावतात. त्यात उजव्याचा अंगठा तिसऱ्या बोटाखालून चौथ्या सुरावर जातो, तर डाव्याचं मधलं बोट अंगठ्यावरून उडी मारतं सहाव्या सुरावर. दोन्ही हातांची वळणं वेगवेगळ्या जागी, डोकं भणाणून जातं. टीचरनी ते बाजूला ठेवलं. दोन्ही अंगठे मधल्या पांढरी एकवर (पेटीवाले पट्ट्या अशा मोजतात, पांढरी एक म्हणजे पाश्चात्त्यांचा सी), आणि उजवा हात उजवीकडे, डावा डावीकडे. आरशासारखं. आता दोन्हीकडे तीच बोटं एकाच वेळी वळतात. शिकलेला उजवा हात अडाण्याला हाताला धरून नेतो. मग डाव्या हाताला तानपुऱ्याचं काम दिलं: करंगळीने सा, अंगठ्याने प, आलटून पालटून, त्यावर उजव्याने मला येतो तो अभंग. पहिल्या प्रयत्नात दोन्ही हात एकदम थांबले. दोन आठवड्यांनी डावा चालायला लागला आणि मग खांदा आपोआप शांत झाला, कारण त्या बाजूला आता खरं काम होतं.

ठेवायचं होतं त्याची मला सगळ्यात गंमत वाटली. पेटीवाल्यांना सा कुठेही धरायची सवय असते. आज गाणाऱ्या बाई काळी चार म्हणाल्या, उद्या काका पांढरी चार म्हणाले, धरायची पट्टी आणि सुरू. टीचरनी एक साधी चार ओळींची धून वाजवून दाखवली आणि म्हणाल्या, "हीच आता काळी दोनवरून." मी वाजवली. "पांढरी पाचवरून." वाजवली. त्या म्हणाल्या, त्यांची चौथी-पाचवी ग्रेड झालेली मुलं इथे रडकुंडीला येतात. मग त्यांनी त्याच धाग्याने मला की सिग्नेचर, म्हणजे सा कुठे धरलाय ते सांगणाऱ्या ओळीच्या सुरुवातीच्या खुणा, शिकवल्या. शुद्ध स्वरांचा बिलावल पांढरी पाचवरून वाजवला की नि म्हणून काळी तीन येते, तोच ओळीच्या सुरुवातीचा एक शार्प, म्हणजे अर्धा सूर चढवायची खूण. काळी दोनवरून वाजवला की तीन काळ्या, म्हणजे तीन फ्लॅट, अर्धा सूर उतरवायच्या खुणा. मायनर म्हणजे आसावरी थाटाचे स्वर. तीन-तीन सुरांचे तीन गट, सा-ग-प, म-ध-सा, प-नि-रे, डाव्या हातात बसले की अर्ध्या भजनाला खालून आधार मिळतो. कुठल्या ठिकाणी कुठला गट बदलायचा हे मला सांगावं लागलं नाही, कानालाच खुपायचं. अर्थात प्रत्येक अभंगाला हा आधार शोभतो असं नाही. काही चालींना डावा हात गप्पच बरा, असं माझं मत आणि टीचरचंही.

मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, मात्र गेली. ती पेटीवरही नाहीच म्हणा. दोन सुरांच्या मधलं काही वाजत नाही, सप्तकाचे बारा समान भाग केलेले, या कारणांवरून आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला दाराबाहेर ठेवलं होतं. मूळची पाश्चात्त्य, पायाने भाता मारायची हार्मोनियम कोलकात्याला द्वारकानाथ घोष यांनी 1875 साली हाताच्या भात्याची केली, तेव्हा ती मांडी घालून बसणाऱ्यांची झाली. पियानोला तसं कुणी खाली बसवू शकलं नाही. माझ्या कंबरेने पहिले काही महिने याबद्दल रोज तक्रार केली. स्टूलच्या पुढच्या निम्म्या भागावरच बसायचं, पाठ टेकायला काही नाही, आणि पुढे पेडल आलं तेव्हा उजवा पायही कामाला.

नोटेशन हे माझं खरं दुखणं. भातखंडे पद्धतीत स्वर देवनागरीत लिहिलेला असतो, खर्जाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब, कोमलला खाली रेघ. वाचता आलं की वाजवता आलं. इथे पाच रेघांवर एक काळा ठिपका. मी तो ओळखायचे, मग मनात त्याचा सा-रे-ग करायचे, मग बोटाकडे पाठवायचे. म्हणजे पत्र टपालाने जाऊन उत्तर येईपर्यंत थांबल्यासारखं. टीचरनी काय केलं, एक पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घेतला आणि मी जो बार, म्हणजे दोन उभ्या रेघांमधला मात्रांचा तुकडा, वाजवत असे तोच झाकून टाकायला लागल्या. नजर नाइलाजाने पुढच्या बारवर जाते. शिवाय प्रत्येक ठिपक्याचं नाव घेऊ नका म्हणाल्या. तीनच खुणा लक्षात ठेवा: मधली पांढरी एक, वरच्या पाच रेघांत पांढरी पाच, खालच्या पाच रेघांत पांढरी चार. बाकी सगळं तिथून किती पायऱ्या वर, किती खाली. रेघेवरून लगतच्या रेघेवर गेलं की मधला एक सूर सुटला, एवढं डोळ्यांना दिसलं की बोट जातं. अजूनही अडखळते, पण आता नवं पान समोर आलं की पोटात गोळा येत नाही.

भाचीचं सगळं याच्या उलट. तिला पहिले काही आठवडे पुस्तकच नाही. टीचर वाजवणार, ती बघून वाजवणार. दोन काळ्या पट्ट्यांचे गट शोध, तीन काळ्यांचे शोध, 88 पट्ट्यांवर डोळे मिटून शोध. अनामिकेचं पेर मोडू नये म्हणून संत्रं धरल्यासारखा हात, आणि संत्रं खरंच आणून ठेवलेलं. जे जमलं नाही ते लगेच सोडून दुसरं काढायचं, परत दहा मिनिटांनी तिथेच यायचं. माझ्या पाऊण तासात टीचर निम्मा वेळ समजावून सांगतात, कारण मला 'का' कळल्याशिवाय हात हलत नाही. भाचीला त्या काहीच समजावत नाहीत. एकदा मी दाराबाहेरून ऐकलं, लय तुटत होती तर त्या तिला घरातून स्वयंपाकघरापर्यंत मोठ्याने एक-दोन-तीन म्हणत चालवत होत्या. तिला एका कार्टूनचं शीर्षकगीत वाजवायचं होतं. टीचरनी ते ऐकून, पाच बोटांच्या आवाक्यात बसेल असं पेन्सिलीने स्वतः लिहून दिलं. त्या एका पानासाठी पोरगी रेघा आणि ठिपके वाचायला शिकली.

वहीत दोघींना दर आठवड्याला फक्त तीन कामं. भाचीला रोज पंधरा मिनिटं, मला वीस. तासभर बसायचं नाही अशी मला ताकीद आहे, कारण मोठी माणसं रविवारी दोन तास बसून आठवड्याचं उट्टं काढायला जातात आणि चुकीचं वळण पक्कं करून सोमवारी येतात. मी ऑफिसला निघण्याआधी वाजवते, ठाण्याहून सुटणारी लोकल पकडायची असते त्यामुळे वीसची एकवीस मिनिटं होतच नाहीत.

पावसाळ्यात टीचरच्या अपराइटच्या चार-पाच पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीशा झाल्या. लाकूड फुगतं. आत तळाला त्यांनी एक बारीक हीटरची दांडी बसवली आहे, ती जून ते सप्टेंबर सतत चालू. शिवाय पियानो बाहेरच्या भिंतीला लावलेला नाही, आतल्या भिंतीला, खिडकीपासून लांब. तारांना गंज, नमद्याला कसर आणि उंदीर, हे तीन शत्रू, असं ट्यूनर काका म्हणाले. ते आले त्या दिवशी माझा क्लास रद्द झाला, पण मी बसून बघितलं. सव्वादोनशेच्या आसपास तारा. खर्जात एका सुराला एकच जाड, तांब्याने गुंडाळलेली तार, मग दोन दोन, वरच्या भागात तीन तीन. त्या तिघींतल्या दोघींना नमद्याच्या पट्टीने दाबून गप्प करायचं, एकीला लावायचं, मग बाकीच्या तिच्याशी मिळवायच्या. सुरुवात 440 कंपनांकाच्या नादकाट्यापासून. दोन तारा जवळ येतात तशी त्यांच्यातली वँव-वँव सावकाश होत जाते आणि मग एकदम नाहीशी होते. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा लावताना हेच ऐकतो की आपण. काकांनी मला एक तार मिळवू दिली. किल्ली इतकी कमी फिरवायची असते की फिरली असं हाताला कळतच नाही, कानालाच कळतं. डिजिटल पियानोला यातलं काहीच लागत नाही, ही त्याची सोय. आणि थोडं वाईटही वाटतं.

"कितवी ग्रेड झाली?" हा प्रश्न ठाण्यात पियानोच्या क्लासला जाणाऱ्या प्रत्येक मुलाला लिफ्टमध्ये विचारला जातो, स्कॉलरशिपचे मार्क विचारावेत तसा. इथे परीक्षा मुख्यतः दोन बोर्डांच्या चालतात, एबीआरएसएम आणि ट्रिनिटी, दोन्ही लंडनची. एबीआरएसएमची नेहमीची प्रात्यक्षिक परीक्षा 150 गुणांची: तीन पीसेस प्रत्येकी 30, स्केल्सना 21, समोर ठेवलेलं न पाहिलेलं पान वाजवायला 21 आणि कानाच्या परीक्षेला 18. शंभरला पास, 120 ला मेरिट, 130 ला डिस्टिंक्शन. टीचरनी भाचीला पहिलं वर्ष परीक्षेला बसवलंच नाही. बहीण नाराज होती. टीचरनी तिला एवढंच सांगितलं की परीक्षेला बसवलं तर हे पोर वर्षभर तीन पानं वाजवेल, नाही बसवलं तर तीस वाजवेल. दुसऱ्या वर्षी बसवलं, मेरिट मिळालं, आणि सगळ्यात जास्त गुण कानाच्या भागात होते. मी परीक्षा द्यायची नाही असं मीच ठरवलं. त्याऐवजी मी मागितली ती जर्मन संगीतकार बाखची म्हणून पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेलेली जी मेजरमधली मिन्युएट, तीन मात्रांच्या जुन्या युरोपीय नाचाची धून. टीचरनी पान उघडलं आणि वरचं नाव पेन्सिलीने खोडलं. ती बाखच्या बायकोच्या 1725 च्या वहीत उतरवून घेतलेली आहे खरी, पण रचना क्रिस्टियान पेट्झोल्ड या ड्रेस्डेनच्या ऑर्गनवादकाची, आणि हे नक्की झालं 1970 च्या दशकात. तीन मात्रांचा तिचा बार मी बिनदिक्कत दादरा समजून वाजवायला लागले. दोन बार मिळून सहा मात्रा आणि चौथीवर खाली, म्हणून दुसरा प्रत्येक बार माझा आपोआप हलका पडत होता. टीचरना ते लगेच ऐकू आलं. मिन्युएटमध्ये खाली नाही, प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेला पाय जमिनीवर, म्हणाल्या आणि खोलीच्या मधोमध चालून दाखवलं.

डिसेंबरात टीचर घरच्या घरी विद्यार्थ्यांचा कार्यक्रम करतात. पालक, शेजारी, केक. यंदा त्यांनी भाचीला आणि मला एका पियानोवर चार हातांचा एक छोटा पीस दिला. वरचा भाग तिचा, खालचा माझा, कारण अर्थातच डावा हात. तालमीला भाची पुढे पळायची आणि मी तिच्यामागून. टीचरनी थांबवलं. "ताई, तुम्ही साथ करताय." मी म्हटलं, करायचीच ना? पेटीवाल्याचं कामच ते, गायकाने जागा घेतली की त्याच्या मागे जायचं, तो रेंगाळला की थांबायचं. चाळीस वर्षं तेच केलं. त्या म्हणाल्या, इथे नाही. खालच्या भागाने लय धरायची, ती कितीही पळू दे, तिला परत यायला जागा तुमच्याकडे पाहिजे. समोरचा पुढे जातोय हे ऐकू येत असताना न हलणं हे मला सप्तकं, नोटेशन, पेडल या सगळ्यांपेक्षा जड गेलं. मेट्रोनोम 60 ला लावून, कानात भाचीचं रेकॉर्डिंग मुद्दाम वेगळ्या लयीत वाजवून, मी त्याची तयारी केली. बहिणीचं म्हणणं पडलं की मला वेड लागलंय.

कार्यक्रमात भाची दुसऱ्या वेळच्या ओळीला सुटलीच. मी होते तिथे राहिले. तिसऱ्या बारला ती परत आली आणि शेवटचा सूर आम्ही एकत्र वाजवला, निदान टाळ्या वाजवणाऱ्यांना तरी तसा वाटला. केक खाताना तिने आईला सांगितलं की मावशी फार हळू वाजवते.

जानेवारीच्या पहिल्या क्लासला टीचरनी दोघींच्या वह्यांत एकच ओळ लिहिली: भाग बदला. आता भाचीने खालून लय धरायची आहे, आणि ती माझ्यापेक्षा कडक धरते. मी वरच्या भागात चौथ्या ओळीवर अडकले आहे. तिथे मधल्या बोटाने काळी तीन वाजवून अंगठा तिच्याखालून पांढरी पाचवर काढायचा आहे, आणि अजून तो वेळेवर पोचत नाही.